‘परतून जल्म नाका’ म्हणणाऱ्या ताईंना

पत्र, थोडक्यात:

‘माझं वय ५४. डिचोली तालुक्यात आमचं घर आणि काजूचं भाट आहे. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मी केलं. शेवटी शेवटी ती एवढंच म्हणायची, “परतून जल्म नाका गो बाये.” पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध आहे. मलाही आता पुन्हा हे नको. बुद्धाने जन्ममरणातून सुटण्याचा मार्ग सांगितला आहे असं वाचलं आणि दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले. सातव्या दिवशी शरीर विरघळलं, नुसत्या लहरी उरल्या. दोन दिवस एवढं सुख होतं की सांगता येत नाही. आता सहा महिने झाले, जेवणं आटोपली की रात्री नऊला तासभर बसते, पण ते परत येत नाही, झोपच येते. माझं काय चुकतंय? जाऊबाई म्हणतात, बौद्धांत आत्माच नाही, तर मग सुटणार कोण? घरात रोज मासळी शिजते, मोसमात फेणीची भट्टी लागते आणि तिचा हिशेब मी लिहिते, यजमान देवळाचे महाजन आहेत. हे सोडल्याशिवाय काहीच होणार नाही का? लामगावच्या गुहेत जाऊन बसले तर? आणि हे ह्या जन्मात होतं की नुसतं पुस्तकात?’

ताई,

तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण आमचं लक्ष अडकलं ते प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्यावर: ‘मलाही आता पुन्हा हे नको.’ आधी तेच पाहू, कारण तिथली गाठ सुटली नाही तर बाकीची उत्तरं वाया जातील.

सारनाथच्या पहिल्या प्रवचनात बुद्धाने दुःखाचं कारण तृष्णा म्हणून सांगितलं आणि तिचे तीन प्रकार मोजले. कामतृष्णा, म्हणजे इंद्रियांच्या सुखाची हाव. भवतृष्णा, म्हणजे असत राहण्याची, काहीतरी बनण्याची हाव. आणि विभवतृष्णा, म्हणजे नसण्याची हाव, एकदाचं संपू दे सगळं अशी. पहिल्या दोन कोणालाही ओळखू येतात. तिसरी वैराग्याची कफनी घालून येते, म्हणून चकवते. इतिवुत्तक ह्या पाली ग्रंथातल्या ४९ व्या सुत्तात, म्हणजे प्रवचनात, ती नेमकी पकडली आहे. काही जण भवाला चिकटून मागे रेंगाळतात, तर काही भवाचा वीट येऊन वाजवीपेक्षा पुढे धावतात आणि मेल्यावर हे सगळं तुटून गेलं की तीच शांती असं धरून बसतात. ज्याला डोळे आहेत तो जे झालं आहे ते जसं झालं तसं पाहतो. रेंगाळणं आणि धावणं, दोन्ही चुकाच.

अर्हताच्या, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्याच्या, तोंडी ‘जन्म क्षीण झाला’ असं येतं, ‘जन्म नको’ असं येत नाही. तेल संपल्यावर ज्योत जाते आणि वैतागून फुंकर मारल्यावरही जाते. पण फुंकरीत तेल तसंच राहतं आणि वात पुन्हा पेटते. तुमचं ‘नको’ कुठल्या जातीचं आहे ते तपासायची सोपी रीत आहे. ते मनात उठेल तेव्हा पाच-सात श्वास थांबून छाती, घसा, जबडा इथे काय होतंय ते पाहा. घट्टपणा, आवळणं, ढकलणं सापडलं तर ती अप्रिय वेदना (पालीत वेदना म्हणजे कुठलीही अनुभूती, नुसतं दुखणं नव्हे) आणि तिच्यामागून आलेली विभवतृष्णा. अशी ती सापडली याचा अर्थ तुमचं काही चुकलं असा नाही, अभ्यासाला पहिला विषय मिळाला एवढाच.

मात्र एक गोष्ट धर्माच्या आधी सांगायला हवी. हे ‘नको’ दोन आठवड्यांहून जास्त दिवसभर मनात राहत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, किंवा स्वतःला संपवण्याचा विचार एकदा जरी आला असेल, तर बैठक दहा मिनिटांवर आणा, नवं लांब शिबिर करू नका आणि डॉक्टरांना भेटा. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्थेत, बाह्यरुग्ण विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आणि रात्रंदिवस चालतो. चार वर्षांच्या सेवेनंतर माणूस आतून रिकामा होतो. त्यावर औषध घेणं हा साधनेचा पराभव नव्हे.

आता जाऊबाईंचा प्रश्न. त्यांना दुरुत्तर करू नका, प्रश्न फार चांगला आहे आणि दोन हजार वर्षांहून जुना आहे. मज्झिमनिकाय ह्या पाली सुत्तसंग्रहात साति नावाचा भिक्षू आहे, कोळ्याचा मुलगा. तो म्हणायचा, हेच विज्ञान, म्हणजे हीच जाणीव, एका जन्मातून दुसऱ्यात धावत जाते. बुद्धाने त्याला सगळ्यांसमोर खडसावलं. जाणीव कारणांवाचून उपजत नाही. डोळा आणि रूप यांच्यामुळे डोळ्याची जाणीव, कान आणि शब्द यांच्यामुळे कानाची. लाकडाच्या आगीला लाकडाची आग म्हणतात आणि गवताच्या आगीला गवताची, तसं. मग पुढे जातं काय? मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने दिव्याचं उत्तर दिलं. रात्रभर जळणाऱ्या समईची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगळी? तसंही नाही, त्याच आधाराने ती रात्रभर जळली. ‘तोही नाही आणि दुसराही नाही.’ तिथेच आंब्याचा दाखला आहे. चोर म्हणतो, ह्याने पेरले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, माझा गुन्हा काय? पण तोडलेले पेरलेल्यातूनच आले, म्हणून शिक्षा त्यालाच. तुमच्या दारच्या मानकुरादाचा बाठा कोणी पुरला हे गावाला ठाऊक असतं, म्हणून त्या बाठ्याचा ‘आत्मा’ आजच्या फळात शोधायला कोणी जात नाही. आत्मा नसला म्हणून कर्माचा हिशेब बुडत नाही.

आणि सुटतो कोण? वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने हेच विचारलं होतं की मुक्त झालेला मेल्यावर कुठे जातो. बुद्धाने उलट विचारलं, पुढ्यातली आग विझली की ती पूर्वेला गेली, पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? वच्छगोत्त म्हणाला, हा प्रश्नच लागू होत नाही, सरपण संपलं आणि ती विझली. निब्बान, म्हणजे निर्वाण, ह्या शब्दाचा अर्थच विझणं. आणि विझतं काय, तर संयुत्तनिकायात बुद्धाचा शिष्य सारिपुत्त याने स्वच्छ सांगितलं आहे: रागाचा क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय. इथे पालीतला ‘राग’ म्हणजे आसक्ती, आपल्या मराठीतला संताप नव्हे. अनुवाद वाचताना ह्या एका शब्दाने फार घोळ होतो.

हे सगळं थेरवादाचं, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या पंथाचं, उत्तर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा असे दोन प्रश्न वेगळे केले. पहिल्याचं उत्तर महाभूतांच्या, म्हणजे शरीर ज्यांचं बनतं त्या घटकांच्या, अंगाने दिलं आणि तोच आत्मा पुन्हा जन्मतो ही कल्पना नाकारली. महाराष्ट्रात आणि गोव्यातही अनेक बौद्ध त्याच वाटेने जातात. तुम्हाला पुनर्जन्माची खात्री आत्ताच करून घ्यायची गरज नाही. कालाम लोकांना बुद्धाने दिलेला दिलासा असा: द्वेष आणि लोभ निवलेल्या माणसाला परलोक असला तर पुढे चांगलं आहे, आणि नसला तरी इथे तो सुखाने जगतोच. निर्णय बाजूला ठेवून काम सुरू करता येतं.

काम म्हणजे काय, तर चार आर्यसत्यं ‘मानायची’ नसतात, प्रत्येकाला एकेक कृती जोडलेली आहे. दुःख पूर्ण ओळखायचं, त्याचं कारण सोडायचं, त्याचा निरोध स्वतः अनुभवायचा आणि मार्ग वाढवायचा. शिबिरं करणाऱ्यांची गल्लत पहिल्या दोहोंत होते. दुःख ते सोडायला बघतात, म्हणजे गुडघा दुखला की उठतात, आणि तृष्णा मात्र नुसती ‘ओळखून’ तशीच राहू देतात. उलटं करा. दुखणं ओळखा, आणि ते जावं ही ओढ सोडा.

ती ओढ पकडायची जागाही ठरलेली आहे. अविद्येपासून जरामरणापर्यंतच्या बारा कड्यांत सहावी स्पर्श, सातवी वेदना, आठवी तृष्णा. स्पर्श झाला की वेदना येणारच, त्यावर आपला ताबा नाही. वेदनेवरून तृष्णेवर उडी मात्र टाळता येते. धम्मदिन्ना भिक्षुणीने विशाख नावाच्या गृहस्थाला ह्याची बारीक फोड करून सांगितली. सुखद वेदनेच्या तळाशी आसक्ती दबा धरून असते, दुःखद वेदनेच्या तळाशी चीड, आणि ना सुखद ना दुःखद अशा वेदनेच्या तळाशी अविद्या. तिसरीकडे कोणी पाहत नाही. भांडी घासताना, बसची वाट बघताना जो निर्विकार बधिरपणा असतो तो साधनेतला सर्वांत दुर्लक्षित तास आहे.

म्हणून एक वही करा. महिनाभर रोज रात्री तीन ओळी, जास्त नाही. पहिल्या ओळीत काय लागलं: जाऊबाईंचं बोलणं, फोनची घंटी, हुमणाचा पहिला घास. दुसऱ्या ओळीत वेदना तीनपैकी कोणती. तिसऱ्या ओळीत त्यानंतर काय उठलं, हवं की नको की काहीच कळलं नाही. गोष्ट लिहू नका, कोण बरोबर होतं तेही लिहू नका. पहिल्या आठवड्यात बहुतेक जणांना तिसरीच ओळ आठवते, मधली सापडत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मधली ओळ घटना घडतानाच दिसू लागते, आणि उडी चुकवायची संधी तेव्हाच मिळते.

आता सातव्या दिवसाचा अनुभव. ‘विशुद्धिमार्ग’ ह्या ग्रंथाच्या विसाव्या प्रकरणात विपश्यनेचे दहा उपक्लेश, म्हणजे वाटेत भुलवणाऱ्या गोष्टी, दिले आहेत: प्रकाश, ज्ञान, प्रीती, प्रश्रब्धी म्हणजे निवांतपणा, सुख, अधिमोक्ष म्हणजे उसळती श्रद्धा, उत्साह, पक्की स्मृती म्हणजे सावधपणा, उपेक्षा म्हणजे समतोल, आणि ह्या सगळ्यांची सूक्ष्म गोडी. हा ग्रंथ नागरी लिपीत संपादित करून १९४० साली आपल्यापुढे ठेवला तो आपल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी, तेव्हा गोव्याच्या माणसाने निदान एवढं प्रकरण तरी वाचायला हरकत नाही. यादी नीट पाहिली तर पहिले नऊ वाईट नाहीत, साधना लागली की ते येतातच. बिघडवतो तो दहावा, निकन्ती, म्हणजे ‘हे छान आहे, हे परत हवं’. तुमचे सहा महिने त्या दहाव्याने खाल्ले. रोज नऊला तुम्ही श्वास बघायला बसत नाही, हरवलेली वस्तू शोधायला बसता. शिवाय शिबिरात पहाटे चारची घंटा, दिवसाला दहा तास बैठक, मौन आणि हलका आहार होता. घरी एक तास, तोही भरल्या पोटी, दिवसभर राबून झाल्यावर. तीच परिणती यायची कशी?

वेळ बदला. घर उठायच्या आत, पहाटे पाचच्या सुमाराला, २५ मिनिटं. झोपेत काढलेल्या तासापेक्षा जागी २५ मिनिटं बरी. महिन्याभराने दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवून ४५ पर्यंत न्या. बसताना कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी, चटईवर घडी घातलेली गोधडी चार बोटं ते वीतभर उंच करा. गुडघे जमिनीला टेकत नसतील तर खुर्ची घ्या, पण पाठ टेकू नका. लक्ष नाकपुडीच्या टोकाशी किंवा वरच्या ओठावर, जिथे श्वास लागतो तिथे. श्वास लांब करू नका, आखूड करू नका.

मन फारच पळत असेल तर मोजा. त्याचाही नियम ‘विशुद्धिमार्गा’त आहे: पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही, मधला आकडा गाळायचा नाही. कारणही दिलं आहे. पाचाच्या आत मोजलं तर अरुंद गोठ्यात कोंबलेल्या गुरांसारखं मन धडपडतं, आणि दहाच्या पुढे गेलं तर मन श्वास सोडून आकड्यालाच धरतं. आधी सावकाश, धान्य मापणाऱ्यासारखं. पायली भरताना ‘एक’ म्हटलं की ती ओतून पुढची भरेपर्यंत तो ‘एक, एक’ म्हणत राहतो, तसं. श्वास मोजल्यावाचून दिसू लागला की मोजणं टाकून द्या. वर्षानुवर्षं मोजत बसणारे लोक असतात, ती कुबडी घट्ट धरलेली असते.

झोप आली तर काय करायचं ते बुद्धाने पेंगणाऱ्या मोग्गल्लान ह्या शिष्याला क्रमाने सांगितलं आहे. ज्या विचारात झोप आली तो बदल. ऐकलेला धर्म मनात घोळव. मोठ्याने म्हण. दोन्ही कानांच्या पाळ्या ओढ आणि हातपाय चोळ. उठून डोळ्यांवर पाणी मार, चारी दिशा आणि तारे बघ. उजेड मनात आण. येरझाऱ्या घाल. एवढं करूनही गेली नाही तर उजव्या कुशीवर सरळ झोप, उठायची वेळ मनात ठरवून. शेवटची सूचना विसरू नका. शरीराला खरंच झोप हवी असेल तर ती द्यायची असते, आणि चार वर्षांची जागरणं तुमच्या अंगात अजून आहेत.

लामगावला जाऊ नका. म्हणजे पाहायला जरूर जा. त्या गुहा मूळच्या बौद्ध असाव्यात असं जाणकार मानतात, रिवणच्याही तशाच, आणि कोलवाळच्या मुशीर भागात सापडलेली बुद्धमूर्ती इतिहास-संशोधक फादर हेरासांनी मुंबईला नेली ती तिथेच आहे. पण रोजच्या बैठकीला गुहा कामाची नाही. ओल, वटवाघळं आणि येणारी-जाणारी माणसं यांत तुमचं लक्ष गुहेवर राहील.

आता स्वयंपाकघर. पहिलं शील, म्हणजे जीव न मारण्याचा नियम, मोडायला पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात: समोर जीव असणं, तो जिवंत आहे हे ठाऊक असणं, मारायचा हेतू, प्रयत्न आणि त्यानेच मरण. बाजारात मेलेला बांगडा किंवा सुंगटं घेतली तर ह्यांतलं एकही घडत नाही. तिसऱ्यो, खुबे, कुर्ल्यो मात्र घरी जिवंत येतात आणि आडोळीवर किंवा उकळत्या पाण्यात मरतात, तिथे पाचही पुरी होतात. ‘मारून साफ करून दे’ असं मासळीवाल्या बाईला सांगितलं तरी सुटका नाही, दुसऱ्याकरवी करवणं हाही प्रयत्नच धरला आहे. तेव्हा घरच्यांची मासळी बंद करू नका. जिवंत येणारं तेवढं तुमच्या हाताने आणू नका आणि चिरू नका. पाचवं शील पिण्याबद्दल आहे. सर्दीला फेणी छातीला चोळली तर ते मोडत नाही, चमचाभर घशात गेली की मात्र ‘औषध’ ह्या शब्दाची जाहिरात सुरू होते.

भट्टीचं प्रकरण जास्त अवघड. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार अंगुत्तरनिकायात आहेत: शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष. काजूची लागवड आणि बी विकणं ह्यांत येत नाही. हुर्राक आणि फेणी गाळून विकणं सरळ सरळ येतं. बोंडू दुसऱ्याच्या भट्टीला देणं ह्या यादीत शब्दशः बसत नाही, पण आमच्या मते मन तिथे साफ राहत नाही. व्यवहाराची अडचण आम्हाला ठाऊक आहे, बोंडू टिकत नाही, झाडाखालून उचलला की लगेच काहीतरी करावं लागतं. म्हणून एका दमात सगळं उलथवू नका. भट्टी यजमानांची आहे आणि ते कर्म त्यांचं. हिशेबाची वही तुमची आहे. पुढच्या मोसमाआधी, म्हणजे फेब्रुवारीतच, ती त्यांच्या किंवा दिराच्या हाती द्या आणि बियांचा हिशेब तुमच्याकडे ठेवा. कारण विचारलं तर एका वाक्यात सांगा, प्रवचन देऊ नका. घरात नव्या साधकाचा सर्वांत मोठा उपद्रव असतो तो हाच, की त्याची शीलं दुसऱ्यांना पाळावी लागतात.

देऊळ सोडायचं का? स्रोतापन्न, म्हणजे प्रवाहात पडलेला, होताना तीन बंधनं तुटतात: ‘हा देह-मन म्हणजे मी’ ही दृष्टी, मार्गाविषयीची शंका, आणि शीलव्रतपरामर्श. हा तिसरा शब्द लोक ‘कर्मकांड’ असा करून मोकळे होतात. त्याचा अर्थ व्रतं आणि विधी यांनीच शुद्धी होते ही पकड. जत्रेला पानं वाढणं ही पकड नव्हे. आणि मुक्ती पालखीवर अवलंबून आहे असं मानणं जशी पकड आहे, तशीच रोज पाचला बसल्याने मी इतरांपेक्षा शुद्ध झाले असं मानणंही पकडच आहे. वज्जी लोकांना सांगितलेल्या सात गोष्टींत, आपल्या चैत्यांचा, म्हणजे देवस्थानांचा, मान ठेवावा आणि त्यांना पूर्वापार दिलं जाणारं बंद करू नये, हीसुद्धा एक होती. यजमानांचं महाजनपण त्यांना लखलाभ. नैवेद्याचा स्वयंपाक तुमच्याकडे असेल तर करा. एक अपवाद सांगायला हवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेली दीक्षा तुम्ही घेतलीत, तर तिच्या २२ प्रतिज्ञा पूर्ण पाळायच्या असतात, आणि त्यांत देवपूजेला जागा नाही. ती दीक्षा अर्धी घेऊ नये.

घर सोडायचं म्हणाल, तर धर्मानंद कोसंबींनी १८९९ साली सोडलं होतं, पत्नी आणि लहान मुलगी मागे ठेवून. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवताना त्यांनी पुण्यात पुन्हा संसार मांडला. सोडण्याची किंमत मागे राहिलेली माणसंही भरतात हे त्यांच्या गौरवात वगळलं जातं. वच्छगोत्ताच्याच दुसऱ्या एका सुत्तात बुद्ध सांगतो की पांढरी वस्त्रं नेसणारे, घरात राहणारे, पाचशेहून पुष्कळ जास्त उपासक आणि तितक्याच उपासिका अनागामी झाल्या. अनागामी म्हणजे ज्याची कामासक्ती आणि द्वेष ही बंधनंही तुटली, जो ह्या लोकात परतत नाही. उरतात पाच: रूपलोकाची ओढ, अरूपलोकाची ओढ (दोन्ही ध्यानाने मिळणारे सूक्ष्म लोक), मान म्हणजे अहंभाव, अस्वस्थता आणि अविद्या. ती तुटली की अर्हत. स्रोतापन्नाला फार तर सात जन्म उरतात असं ग्रंथ सांगतात, सकृदागामीला, म्हणजे त्याच्या पुढच्या पायरीवरच्याला, एक.

ही दहा बंधनंच तुमचं माप. लहरी नव्हेत, प्रकाश नव्हे, किती वेळ न हलता बसलात तेही नव्हे. सहा महिन्यांनी विचारायचं ते असं: कोणी अपमान केला तर तो किती वेळ टिकतो? पूर्वी तीन दिवस टिकत होता, आता संध्याकाळपर्यंत, असं असेल तर द्वेषाचं बंधन सैल होतंय. तुटलंय असं मात्र स्वतःच जाहीर करू नका, आणि कोणी दुसऱ्याने प्रमाणपत्र दिलं तर त्याच्यापासून दूर राहा. जाऊबाईंच्या बाबतीत एक सोबती सुचवतो, पुण्ण नावाचा भिक्षू. तो सुनापरान्ताला निघाला. बरेच अभ्यासक ह्याला अपरान्त, म्हणजे आपली कोकणपट्टी, मानतात. बुद्ध म्हणाला, तिथली माणसं तापट आहेत, शिव्या देतील. पुण्ण म्हणाला, तर मी म्हणेन की भली माणसं आहेत, हात तरी उगारत नाहीत. ते पुढे दगड, दांडा, शस्त्र असं चढत जातं, मुळातून वाचा.

ह्या जन्मात होतं का? सतिपट्ठान सुत्ताच्या शेवटी मुदतच दिली आहे. सात वर्षांपासून उतरत उतरत सात दिवसांपर्यंत जो नीट करील त्याला दोहोंपैकी एक फळ: अर्हत्त्व, किंवा काही उरलं असेल तर अनागामित्व. अट ‘नीट’ ह्या शब्दात आहे, चार स्मृतिस्थानं, म्हणजे शरीर, वेदना, मन आणि मनाचे विषय यांकडे सावध लक्ष, अखंड. आमचं मत असं की तुम्ही पहिल्या पायरीचं, म्हणजे स्रोतापन्न होण्याचं, बघावं. तिच्यासाठी चार अंगं सांगितली आहेत: सत्पुरुषांची संगत, सद्धर्म ऐकणं, मुळाशी जाऊन विचार करणं, आणि धर्माला धरून वागणं. तुमच्याकडे चौथं थोडं आहे, दुसरं पुस्तकातून आलं आहे, आणि पहिलं अजिबात नाही. महिन्यातून एकदा तरी इतर साधकांबरोबर बसा. एकट्याने चालणारी साधना वर्षभरात एक तर बंद पडते किंवा विचित्र वळण घेते.

जमेल तेव्हा अमावास्या-पौर्णिमेला उपोसथ, म्हणजे एका दिवसाचं व्रत, करा. तुम्हाला एकादशी ठाऊक आहे, त्यामुळे जड जाणार नाही. आठ शीलं, त्यांत मध्यान्हानंतर जेवण नाही. मध्यान्ह घड्याळाच्या बाराचा नाही, सूर्याचा. गोव्यात तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२:१८ ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४८ ला येतो, तेव्हा बारा वाजता ताट पुढ्यातून ओढून घेऊ नका. नंतर पाणी किंवा गाळलेलं सरबत चालतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

वर्षश्राद्ध होऊ द्या. जाणुस्सोणी ब्राह्मणाने विचारलं होतं, आम्ही देतो ते गेलेल्यांना पोचतं का? बुद्धाने सांगितलं की प्रेतयोनीत असलेल्यांना पोचतं, इतर ठिकाणी जन्मलेल्यांना नाही, पण देणाऱ्याचं पुण्य कुठेच जात नाही. तेव्हा भटजी येतील, पिंड होतील, त्यात आडकाठी आणू नका. आपल्या बाजूने आईच्या नावे एक दान वेगळं काढा, अंथरुणावर असलेल्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल असं. डायपर, वॉटरबेड, किंवा सेवा करणाऱ्या सुनेला एक दुपारभर सुट्टी म्हणून तुम्ही तिथे जाऊन बसणं. चार वर्षांत काय काय लागतं ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पाहुणे सकाळी नवापासून यायला लागतील आणि वाटपाचा स्वयंपाक सातला सुरू करावा लागेल, म्हणून त्या दिवशी बैठक पाचऐवजी साडेचारला लावा, आणि आदल्या रात्री नारळ खवून ठेवा.